धरा जरा

मूल रमवणं ही मराठवाड्यानं जगाला दिलेली विद्या आहे. बाकीच्या मुलखात मुलं वाढवतात. आपल्याकडे ती रमवतात.

ही वाक्यं मी चिकलठाण्याच्या विमानतळावर, आसपासच्या रांगांना ऐकू जातील अशा आवाजात उच्चारली. त्याच क्षणी आमची नात मैना, वय दोनाला थोडं कमी, हिनं माझा चष्मा ओढला आणि शेजारच्या माणसाच्या चहात सोडला.

माणूस सभ्य होता. त्यानं चष्मा बाहेर काढला, झटकला आणि माझ्या हातात दिला. चहा मात्र त्यानं खाली ठेवून दिला.

"चौकस आहे फार," मी म्हणालो.

आमची मुलगी रेणुका तोंड फिरवून काचेबाहेर बघत राहिली. तिचीही बाजू सांगायला हवी. ती लंडनला असते. या खेपेला जावयांना रजा नव्हती म्हणून ती एकटीच मैनेला घेऊन आली, तर तिथली जमीन सुटल्यापासून मुंबईला चाकं टेकेपर्यंत मैना रडली. मधे जेवायला थांबली, तेवढंच. शेजारच्या बाईनं घंटी वाजवून दुसरी जागा मागून घेतली. रेणुका घरी आली, बॅग खाली ठेवली आणि पाणीही न पिता म्हणाली, "बाबा, आता ही शाळेत जायला लागेपर्यंत मी यायची नाही. मला नाही जमत."

रेणुका उगीच बोलत नाही. लहानपणी एकदा कारलं खाणार नाही म्हणाली होती, ती अजून खात नाही.

मी हसून सोडून दिलं. आमची सौभाग्यवती द्वारकाबाई मात्र हसली नाही. त्या दिवशी तिनं निवडलेले तांदूळ पुन्हा निवडले. संध्याकाळी म्हणाली, "अहो, पोरगी जाताना आपण जाऊ संगं. एकदा नीट नेऊन दाखवू. नाय तर ही काय परत येत नाय. आन् तोवर आपण असू का, नसू."

अशा रीतीनं या मोहिमेची जबाबदारी माझ्यावर आली. निदान मी ती घेतली.

तयारीत मी कसूर केली नाही. औरंगपुऱ्यात गयासच्या दुकानात जाऊन दोन वर्षांच्या आतल्या मुलांसाठी जे जे आहे ते काढायला लावलं. गयास म्हणाला, "साहेब, ये एक दे दो, बच्ची दिनभर चुप." मी विचारलं, सगळ्यात जास्त चुप कशानं? त्यानं तीन नग काढले. त्यातलं वाजणारं माकड चिकलठाण्यातच वाजायचं बंद झालं. रंगीत भोवरा मुंबईच्या विमानतळावर कुणाच्या तरी सुटकेसखाली गेला. आणि डोळे मिचकावणाऱ्या बाहुलीला मैना घाबरते, हे लंडनच्या विमानात बसल्यावर, बाहुलीनं पहिल्यांदा डोळे मिचकावले तेव्हा कळलं.

बसायची व्यवस्था मीच ठरवली होती. खिडकीशी मी, कारण बाहेरची परिस्थिती कुणीतरी बघायला हवी, मधे द्वारकाबाई, आणि रांगांमधल्या रस्त्याच्या कडेला मैनेला मांडीवर घेऊन रेणुका. माझा पट्टा द्वारकाबाईनं लावून दिला, कारण माझं लक्ष चौफेर असणं गरजेचं होतं. विमान वर चढताना कान बंद झाले, तेव्हा तिनं पिशवीतून खडीसाखर काढून एक खडा मैनेला दिला, एक मला. मैनेनं तो कडकन फोडून संपवला. मी दुसरा मागून घेतला.

मग मैनेनं सुरुवात केली.

आधी ती नुसती कुरकुरली. मग तिनं बाहुली फेकली, पाठ ताणून धनुष्यासारखी केली आणि असा काही सूर लावला की पुढच्या रांगेतला माणूस दचकला. हा माणूस म्हणजे एक उंच, टकले, गोरे गृहस्थ. त्यांनी एकदा वळून पाहिलं. रेणुका "सॉरी, सॉरी" म्हणाली आणि मैनेला आणखी घट्ट धरलं. मैना आणखी जोरात. गृहस्थ पुन्हा वळले आणि त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

रेणुकाच्या कपाळावर घाम आला होता. "बघितलंत?" ती माझ्याकडे बघून म्हणाली. "म्हणून मी म्हणत होते. हे असं नऊ-दहा तास. मी पुन्हा नाही येणार, बाबा. तुम्हीच या कधीतरी."

मी माझ्याजवळचा राखीव उपाय काढला. दोन्ही हात कानांना लावून हत्ती केला. मैना क्षणभर थांबली, माझ्याकडे बघितलं आणि आधीपेक्षा वरच्या पट्टीत गेली.

आता इथं फुलंब्रीविषयी दोन शब्द सांगणं भाग आहे. द्वारकाबाईचं माहेर फुलंब्री. तिथल्या स्टँडवर एसटी लागली की आधी मूल खिडकीतून आत जातं आणि मग माणूस दारातून. खिडकीशी कोण बसलंय हे कुणी बघत नाही. "धरा जरा" म्हणायचं आणि सोडायचं. आतले हात धरतात. रेणुकालाही आम्ही असंच कैक वेळा आत सोडलं. एकदा ती आत गेली, आम्ही गर्दीत खाली राहिलो आणि गाडी सुटली. मागून जीप करून वाटेतल्या चौका गावच्या थांब्यावर गाडी गाठली, तर रेणुका एका अनोळखी म्हातारीच्या मांडीवर बसून भजी खात होती. खाली उतरायला तयार नव्हती.

तर द्वारकाबाई उठली. तिनं रेणुकाच्या मांडीवरून मैनेला उचललं, रस्त्यात आली, आणि पुढच्या रांगेतल्या त्या टकल्या गृहस्थांसमोर उभी राहून म्हणाली, "धरा जरा. पदर खोचते."

गृहस्थांना मराठीचं अक्षर येत नव्हतं. पण समोरून मूल आलं की हात आपोआप पुढं होतात. जगात कुठंही, याला भाषांतर लागत नाही. त्यांनी मैनेला धरलं. गरम पातेलं धरावं तसं, लांब. द्वारकाबाईनं पदर खोचला. आणि तेवढ्यात माझ्या जेवणाच्या डबीचं झाकण निघत नव्हतं, म्हणून ती ते काढून द्यायला मागं आली.

"आई!" रेणुका किंचाळायची राहिली. "अगं ते कोण आहेत!"

"कोण म्हंजे? पुढल्या बाकावरचे."

"तिकडं असं चालत नाही गं! परक्या माणसाच्या हातात मूल देत नाहीत. कुणी तक्रार केली तर?"

"व्हय? मंग घेते परत. जरा तुज्या बापाला जेवू दे."

तेवढ्यात आम्हाला एक गोष्ट जाणवली. आवाज थांबला होता.

आम्ही तिघं सीटांच्या फटीतून बघू लागलो. मैना त्या गृहस्थांच्या डोक्याकडे एकटक बघत होती. असं सपाट, चकचकीत डोकं तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. तिनं हळूच हात ठेवला. गृहस्थ हलले नाहीत. तिनं थाप मारली. गृहस्थांनी गाल फुगवले. तिनं गालावर थाप मारली, फुस्सकन हवा गेली, आणि मैना अशी खिदळली की चार रांगांनी माना वर केल्या.

पलीकडच्या रांगेतून एक मुलगी उठून आली. अजरा तिचं नाव. औरंगपुऱ्यात वाढलेली, तिकडे नर्सच्या नोकरीवर निघालेली. "खाला," ती द्वारकाबाईला म्हणाली, "मेरे कू भी दो ना. घर से निकली तबसे रोना आ रहा मेरे कू."

"घे माय," द्वारकाबाई म्हणाली. "कुणाची गं तू?"

दोघींची ओळख निघाली. अजराची आजी जैतुनबी आणि द्वारकाबाईची मावशी एकाच गल्लीत राहायच्या. एवढ्यावर मैना अजराच्या मांडीवर गेली. त्याच वेळी माझ्या समोरचा टीव्हीचा पडदा लागत नव्हता, तोही अजरानंच लावून दिला. त्यावर मासे पोहत होते. मी बराच वेळ ते बघत होतो.

मधे मी मान वर केली, तेव्हा मैना अजराकडून एका सरदारजींकडे गेली होती. पुढं एका मडमेकडे, तिथून नवं लग्न झालेल्या जोडप्याकडे. त्या जोडप्यानं तिला इतकं जपून धरलं, जणू परीक्षाच चालू आहे. सगळीकडे द्वारकाबाई तिच्यामागून जाऊन नातं सांगून यायची. सरदारजी मामा झाले, मडम मावशी झाली. टकल्या गृहस्थांना मात्र तिनं आजोबा केलं. हे मला फारसं आवडलं नाही, पण मोहिमेच्या हितासाठी मी गप्प बसलो.

हवाईसुंदरी आली. चेहऱ्यावर नियम होते. "बेबी कुणाची आहे?" तिनं विचारलं.

रेणुका घाबरून उभी राहिली. तिनं तोंड उघडायच्या आत पुढच्या रांगेतले टकले गृहस्थ काहीतरी बोलले. हवाईसुंदरी हसली आणि पुढं गेली.

"काय म्हणाले?" मी रेणुकाला विचारलं.

"ते म्हणाले," रेणुका सावकाश खाली बसत म्हणाली, "माझी पाळी पुन्हा कधी येणार आहे ते आधी विचारून सांगा."

आणि रेणुका हसली. या खेपेला आल्यापासून तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं. हसता हसता तिनं मान मागं टेकली आणि बघता बघता तिला झोप लागली. मांडी रिकामी होती. हात दोन्ही बाजूंना सैल पडले होते. द्वारकाबाईनं आपली शाल काढून तिच्या अंगावर घातली. मला गार लागत होतं, पण तिनं ऐकलं नाही.

रेणुका जागी झाली ती एकदम. मांडीवर हात फिरवला. मांडीवर कुणी नाही. पुढच्या रांगेत कुणी नाही. अजराकडे कुणी नाही, अजरा झोपलेली.

"आई, मैना कुठंय?"

"हाय की."

"कुठं आहे?"

द्वारकाबाई शेंगदाणे सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "माणसांत."

रेणुका धावली. मी मान वळवून बघत होतो. औरंगपुऱ्यात पत्ता विचारावा तसं चाललं होतं. सरदारजींनी मागं बोट दाखवलं, मडमेनं आणखी मागं. नवरा-बायकोनं एकदमच हात केला. अगदी शेवटी, चहाच्या खोलीपाशी, टकले गृहस्थ येरझाऱ्या घालत होते. मैना त्यांच्या खांद्यावर झोपली होती. तोंडातून लाळ गळून त्यांच्या चांगल्यापैकी कोटावर एक नकाशा तयार झाला होता. रेणुका तिला घ्यायला पुढं झाली, तर गृहस्थांनी ओठांवर बोट ठेवलं, आणि फिरत राहिले.

रेणुका परत आली. आईशेजारी बसली. मग तिनं डोकं आईच्या खांद्यावर टेकलं.

"येताना मी तिला एक मिनिट सोडली नव्हती, आई. कुणाला त्रास नको म्हणून. जितकी घट्ट धरली, तितकी रडली."

"रडंल न्हाय तर काय. तू बी घामाघूम, ती बी घामाघूम." द्वारकाबाईनं सोललेले दाणे तिच्या हातावर ठेवले. "लेकरू एकटीनं धराया लई जड अस्तंय, माय. खा."

विमान उतरलं. लोकांनी बॅगा काढल्या, पण दाराकडे जाईनात. आधी मैनेला निरोप द्यायची रांग लागली. सरदारजींनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. अजरानं मुका घेतला आणि द्वारकाबाईच्या गळ्यात पडली. टकले गृहस्थ शेवटी आले. त्यांनी मैनेला रेणुकाच्या हाती दिलं, द्वारकाबाईपुढं वाकून हात जोडले आणि मोडक्या उच्चारात दोन शब्द म्हणाले. ते "धरा जरा" असे होते. निरोप घेताना असंच म्हणतात, असा त्यांचा समज झाला असावा.

एवढ्या मोठ्या विमानात, एवढ्या देशांची माणसं, आणि सगळी फुलंब्रीच्या शिस्तीत आलेली. माझा ऊर भरून आला. आपल्या मातीबद्दल, आपल्या माणसांबद्दल, आणि थोडासा स्वतःच्या नियोजनाबद्दल मला जो अभिमान वाटला, तो शब्दांत मावणारा नव्हता. तरी मी तो शब्दांत बसवायला घेतला.

"आई," मधेच रेणुका म्हणाली, "दिवाळीला येतो आम्ही."

द्वारकाबाईनं नुसती मान हलवली, आणि पदरानं डोळ्याची कड टिपली. मी मात्र तिथंच, सरकत्या पट्ट्यावर बॅगा फिरत असताना, मुलीच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणालो, "पोरी, मी म्हटलं नव्हतं? पूर्वतयारी, धीर आणि देखरेख. या तीन गोष्टी असल्या की जगाच्या पाठीवर कुठंही मूल रमवता येतं. दिवाळीला न्यायला आम्ही दोघं येऊ. मी सगळं बघतो."

रेणुकानं मैनेला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं. माझ्या शर्टावर सांडलेली डाळ रुमालानं पुसली. मग अगदी हळू, मला वाईट वाटू नये अशा आवाजात म्हणाली,

"बाबा, दिवाळीला न्यायला एकट्या आईलाच पाठवा ना. तिला हात दोनच आहेत."