चैतरामचा न आटणारा गमछा

बालाघाटच्या बाजारात चैतराम स्वतः विणलेले गमछे विकायचा आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला छातीवर हात ठेवून सांगायचा, "मेरा गमछा मर जाएगा, पर सिकुड़ेगा नहीं." शेजारी बसलेली त्याची बायको लीलाबाई तेवढ्या वेळापुरती दुसरीकडे बघायची.

त्यामुळे १९६३ सालच्या बुद्ध पौर्णिमेच्या आदल्या दिवशी दुपारी जे झालं, ते दुसऱ्या कोणाच्या हातून झालं असतं तर त्याला नुसती चूक म्हटलं असतं.

वस्तीने विहार बांधला होता. बुद्धाची सिमेंटची मूर्ती नागपूरहून यायची होती. तिचं माप आणायला चैतरामला पाठवलं, कारण नागपुरात त्याचा साळा राहायचा. चैतरामने खांद्यावरचा कोरा गमछा मूर्तीखालच्या गोल कमळावर आडवा धरला, पलीकडच्या कडेला गाठ मारली आणि गाडीत बसला. घरी आल्यावर लीलाबाईने इंजिनाच्या कोळशाने काळा झालेला गमछा धुतला. गाठ सोडली नाही. बाई जबाबदार होती. मग खेमराज मिस्त्रीने त्या मापापेक्षा दोन बोटं जास्त ठेवून विहाराच्या दाराला सागवानी चौकट बसवली.

आता दारासमोर बैलगाडी उभी होती, गाडीत मूर्ती होती, आणि कमळ चौकटीपेक्षा चार बोटं रुंद होतं. गोलच ते. कसंही फिरवा, चार बोटं कायम. उद्या सकाळी भंतेजी येणार होते, वारासिवनी-लालबर्ऱ्याहून पाहुणे येणार होते.

"माप कोनं आनलं होतं?" समितीचे अध्यक्ष प्रेमलाल यांनी विचारलं.

सगळ्यांनी चैतरामकडे बघितलं. चैतरामने गमछ्याकडे बघितलं. गमछा आटला म्हणावं, तर बाजारातून धंदा उठला. नाही म्हणावं, तर याला मोजताही येत नाही असं वस्तीत ठरलं. त्याने मधली वाट काढली.

"मूर्ती फुगली," तो म्हणाला.

"काय?"

"नागपूरची हवा कोरडी. इकडं आपल्या वैनगंगेचा ओलावा. शिमिट पानी पिते, भाऊ."

"बैसाखात?" गर्दीतून भैयालालने विचारलं. "नदीच पानी शोधून राह्यली!"

पण मुद्दा मांडला गेला होता, म्हणून सभा बसली. मिस्त्रीच्या हाताची चर्चा झाली. बैलांच्या चालीची झाली. नागपूरच्या मूर्तिकाराच्या स्वभावाची झाली, जो त्यांच्यापैकी फक्त चैतरामने पाहिला होता. चौकट तोडण्याची गोष्ट निघताच खेमराज उंबरठ्यावर आडवा झाला. "आधी मले तोडा," तो म्हणाला. शेवटी असं ठरलं की फुगलेली वस्तू उन्हात ओसरतेही. मूर्ती ओसरते का हे बघायला बाबूलालला गाडीजवळ बसवण्यात आलं. तो डोळेही मिटेना.

तेवढ्यात लीलाबाई पाण्याची घागर घेऊन आली. सगळं ऐकून घेतलं.

"दार लहान हाय, हे ठरलं ना?"

"हौ," प्रेमलाल म्हणाले. "पन काहून लहान हाय, ते ठरून राह्यलं."

"ते बसून ठरवजा. छपरावरचे कवेलू कधी फेरता तुमी?"

"पान्याच्या आधी. येत्या आठवड्यात."

"म्हंजे उतरवाचेच हायेत. मंग आजच उतरवा. मूर्ती वरून येईन." ती उंबरठ्याकडे वळली. "खेमराज भाऊ, विहिरीतला गाळ काढाची ते बांबूची तिकाटी अन् गरारी कोनाकडं हाय?"

"माह्याकडं," खेमराज पडल्या पडल्याच म्हणाला.

"मंग उठा ना."

खेमराज उठला. सभा कधी संपली ते अध्यक्षांनाही कळलं नाही. बायांनी ओळ केली आणि छपराच्या मागच्या बाजूचे कवेलू हातोहात खाली उतरले, खालचे वासे खेमराजने मोकळे केले. भिंतीला लाकडी बल्ल्यांचा उतार लागला. त्यावरून मूर्ती दोरांनी वर ओढली आणि आत उभ्या केलेल्या तिकाटीच्या गरारीवर, म्हणजे कप्पीवर, घेतली.

"दोरानं कमळ घासंन," लीलाबाई ओरडली. "सीताच्या बाबा, गमछे आना! सगळे!"

चैतरामने गठ्ठाच आणला. गमछ्यांत गुंडाळलेलं कमळ आभाळातून हळूहळू खाली येऊ लागलं. मूर्तीचे डोळे शांत होते, खालच्या माणसांचे नव्हते. "ढील द्या... थांबा... द्या," लीलाबाई सांगत होती आणि एरवी बायकोचंही न ऐकणारी ती माणसं शब्दागणिक दोर सोडत होती. चैतराम बघतच राहिला. चार बोटांपायी त्याने आख्खी दुपार डोकं फोडलं होतं. हिला वर एवढं आभाळ मोकळं दिसलं होतं.

कमळ विहारातल्या ओट्यावर टेकलं. चैतरामचा ऊर भरून आला आणि त्या भरात तो मोठ्याने बोलून गेला, "मूर्ती नाही फुगली. माहा गमछा आटला!"



"ठाऊक हाय," भैयालाल म्हणाला. "माह्या घरी दोन हायेत. एकाचा आता रुमाल झाला."

"नाही, नाही," बाबूलाल म्हणाला, "मूर्ती एक बोट ओसरली होती. म्या पाह्यली."

दुसऱ्या दिवशी भंतेजींनी दाराकडे बघितलं, मूर्तीकडे बघितलं, पुन्हा दाराकडे बघितलं, आणि वंदना सुरू केली.

घरी जाताना चैतराम पडल्या आवाजात म्हणाला, "आता बाजारात काय सांगू वो मी?"

"सांगाचं काय त्यात? धुऊन विका."

पुढच्या बाजारी दोरीवर धुतलेले गमछे ओळीने लटकत होते. चैतरामने छातीवर हात ठेवला. "ले जाओ भाई, जितना सिकुड़ना था, घर से सिकुड़ के आया है!"

या वेळी लीलाबाई गिऱ्हाइकाकडेच बघत होती.