आईची पाठ

सकाळपासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. धाकटीच्या चित्रांच्या प्रदर्शनाला आज आई येणार होती, आणि तिथल्या भिंतीवर आईच होती. न्हाणीघरात स्टुलावर बसलेली, उघडी पाठ आपल्याकडे केलेली, दारापेक्षा मोठी. खांदा आखडल्यापासून आईची पाठ रोज धाकटीच चोळते. चित्र काढण्याआधी विचारायचं मात्र बाईसाहेबांना सुचलं नाही.

एका पेपरानं लिहिलं, पोरीनं आईची अब्रू वेशीला टांगली. दुसऱ्यानं लिहिलं, इतकी माया रंगात क्वचित उतरते. आमच्या दादानं फक्त पहिला वाचला. तेव्हापासून मला फोनवर फोन : "उतरवायला लाव ते!"

"आई म्हणाली तर आत्ता उतरवते," धाकटी म्हणाली. नखं कुरतडून बोटं लाल झाली होती. "आणि परत ब्रशला हात लावणार नाही."

आई काठी टेकत आली. चित्रासमोर एक टकले गृहस्थ आणि एक चष्मेवाल्या बाई हमरीतुमरीवर आले होते. चित्रात चेहराच नव्हता, त्यामुळे त्यांनी आईला ओळखायचा प्रश्नच नव्हता.

"म्हातारीला लाज नसेल का हो?" गृहस्थ म्हणाले.

"लाज कसली? सुरकुतीन् सुरकुती हात फिरवून काढलीय! डोळे आहेत ना तुम्हाला?"

मी आईचा दंड धरला. "चल, बाहेर बसू."

"सोड गं." ती पुढे सरकली, मान वर करून बघत राहिली. मग हळूच मला म्हणाली, "तो तीळ माझा?"

"हो."

"एवढा मोठा? कुणी बोललं नाही कधी."

धाकटी मागे येऊन उभी राहिली. "आई... उतरवू?"

"मला विचारलं नाहीस, त्याचं घरी बघते. आत्ता गप्प बस, ऐकू दे." आईनं बाकावर बूड टेकलं. "तुमचे बाबा गेल्यापासून माझ्यावरून कुणी असं भांडलंय का? घरात तर सगळे 'गोळी घेतलीस का' एवढंच विचारता."

माझा फोन पुन्हा थरथरला. दादा.

"त्याला म्हणावं, फोनवर काय ओरडतोस? इथे ये नि समोर उभं राहून भांड," आई म्हणाली. आणि त्या गृहस्थांकडे वळून, "हं, लाजेचं काय म्हणत होतात?"