मामाचा पहिला घोट

दारूच्या बाबतीत मी खोटं बोलत नाही. बाकी आयुष्यात बोललो असेन. बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरकी केली, साहेबांसमोर पुष्कळदा मान डोलवली. पण मोहाची धार कच्ची आहे की करपलेली, फुलं सडकी होती की सुकी, हे माझी जीभ सांगते आणि मी तसंच्या तसं बोलतो. देवाला ठेवायची दारू आधी मला चाखायला देतात. गावात मला भिला गुरुजी म्हणतात, माघारी काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे.

म्हणून त्या दिवशी माझी पंचाईत झाली.

माझी भाची रविना. शहाद्याला दवाखान्यात नर्स आहे. लोणखेड्याला कॉलेजात असताना तिची ईश्वरशी ओळख झाली. ईश्वर धडगावकडच्या डोंगरातला, शिकून पुण्याला गेला आणि तिथे एका बिअर बनवणाऱ्या कंपनीत लागला. दोघांनी लग्नाचं ठरवलं. रविनाचा बाप करमसिंग, म्हणजे माझा मेहुणा, याला ते पसंत नव्हतं. त्याला सरकारी नोकरीवाला जावई हवा होता. पण पोरीसमोर नाही म्हणायची त्याची छाती होईना, म्हणून त्याने ते काम माझ्या जिभेवर ढकललं.

आमच्या भावकीत रीत अशी आहे की मुलाकडचे दारू घेऊन येतात. ती मुलाच्या घरची हवी. पहिली धार जमिनीवर, पूर्वजांना. मग मुलीच्या मामाने पहिला घोट घ्यायचा. तो गिळून 'गोड शे' म्हणाला की सोयरीक झाली. थुंकला तर पाहुणे मुकाट्याने उठतात आणि पुन्हा त्या दारात येत नाहीत. का थुंकलास, हे कोणी विचारत नाही. करमसिंगने सकाळीच मला गोठ्यामागे नेऊन सांगितलं की तू थुंक, म्हणजे मी मोकळा. मी बैलापुढे वैरण टाकली आणि परत आलो. रविना आदल्या दिवशी माझ्याकडे येऊन गेली होती. माझ्या बायकोसोबत भाकरी थापत बसली होती. जाताना एवढंच म्हणाली, "मामा, सांभाळी ल्या."

होळीला पंधरा दिवस होते. दुपारी पाहुणे जीपमधून उतरले आणि ईश्वरने मागून थर्माकोलचा खोका काढला. मला वाटलं मासे आणले. खोक्यात बर्फ, बर्फात तपकिरी बाटल्या. हे काय म्हणून विचारलं तर म्हणाला, बिअर, डबल आयपीए नावाची. त्याच्या बापाचं तोंड आधीच उतरलेलं होतं. जीपमध्ये मोहाची एक कॅन भरून ठेवलीय, शेजाऱ्याकडची आहे पण पहिल्या धारेची आहे, म्हणाल तर तीच काढू, असं तो हळूच मला सांगायला लागला. ईश्वरने ते ऐकलं.

मी त्याला विचारलं, ही कोणी बनवली. तो म्हणाला, मी. चार महिने खपून स्वतःच्या हातांनी बनवलेली पहिलीच आहे. यात काय आहे, असं विचारल्यावर म्हणाला, मोड आणलेला जव, आणि हॉप्स. हॉप्स म्हणजे एका वेलाची फुलं, परदेशातून वाळवून येतात. नेहमीच्या बिअरपेक्षा ती दुप्पट टाकली आहेत. कशाला, म्हटलं. कडूपणासाठी.

"मामा, ती कडू शे," तो म्हणाला. "तुमले आवडाव नही. पन माले मोहाची काढता येत नही, नि दुसऱ्यानी लई येवानं, नि मन्ही सांगानं, ते मन्हाकडथीन व्हवाव नही."

त्याच्या बापाने त्याला कोपर मारलं. मला मनातून राग आला. सोयरिकीला कडू दारू घेऊन येणारा हा पहिलाच शहाणा. आमच्यात कडू म्हणजे नासलेली, नाहीतर कोणी त्यात काही कालवलेली. लहान पोरालाही हे कळतं.

पळसाच्या द्रोणात त्याने ती ओतली. वर फेस आला, भांडी घासलेल्या पाण्यावर येतो तसा, आणि तो बसेचना. रंग गढूळ तांबूस. धार जमिनीवर टाकली तेव्हा मातीवरही फेस राहिला. पूर्वजांनी काय पाप केलं होतं, असं माझ्या मनात आलं. मी द्रोण नाकाजवळ नेला. आधी आंब्याच्या सालीचा वास आला, पिकून उकिरड्यावर पडलेल्या सालीचा. मग झाडाच्या डिंकाचा. त्याच्या तळाशी आणखी एक वास होता, तो ओळखायला मला क्षणभर लागला. बोका ज्या कोपऱ्यात मुततो त्या कोपऱ्याचा वास.

सगळे बघत होते. करमसिंग तर माझ्या ओठांकडे टक लावून बसला होता. रविना चुलीपाशी उभी होती, हातात रिकामा तांब्या.

मी घोट घेतला.

काय सांगू. मोसंबीची साल, बिया आणि कडुनिंबाचा पाला एकत्र वाटून कोणी तोंडात कोंबावं तसं झालं. जीभ आक्रसली. हिरड्यांना चिकटून ते वर चढलं, टाळूला गेलं, कानापर्यंत गेलं. त्या कडूच्या खाली एक चिकट गोडसरपणा होता, काकवीसारखा, आणि तो कडवटपणापेक्षाही किळसवाणा होता, कारण तो दिलासा द्यायला आल्यासारखा येई आणि हात वर करून निघून जाई. तोंडात लाळ सुटली. थुंकणं एवढं सोपं कधीच नव्हतं, आणि त्यात मला खोटंही बोलावं लागणार नव्हतं.

तोंड भरलेलं असताना माझी नजर दाराकडे गेली. तिथे माझी पोर ममता पाण्याची कळशी घेऊन उभी होती. चार वर्षांपूर्वी तिच्या सोयरिकीला तिचा मामा ऊसतोडीला गुजरातेत होता, म्हणून पहिला घोट मीच घेतला होता. काय दारू होती ती. काचेसारखी स्वच्छ, घशातून उतरताना मधासारखी. मी एकदा नव्हे, तीनदा 'गोड शे' म्हणालो. आणखी मागून प्यालो. नंतर कळलं की ती नवापूरकडच्या कुठल्याशा भट्टीवरून विकत आणलेली होती. मुलाने स्वतः काढली, असं सांगितलं होतं. त्याने बाकी जे जे सांगितलं होतं तेही सगळं तसंच खोटं निघालं. आठ महिन्यांनी ममता परत आली तेव्हा तिचा डावा हात वर जात नव्हता. आता ती अंगणवाडीत जाते, माझ्याच घरी राहते, आणि सोयरिकीच्या जागी सहसा थांबत नाही.

मी गिळलं. डोळ्यांतून पाणी आलं, ते पुसलं नाही. चाखणारा म्हणून खरं सांगायचं तर दारू कच्ची नव्हती, करपलेली नव्हती, पाणी घातलेलं नव्हतं. जेवढी कडू सांगितली तेवढीच कडू होती. पण तिला गोड म्हणणं मला जमणार नव्हतं.

"कडू शे," मी म्हणालो.

मग ईश्वरच्या बापाने टोपी घातली. करमसिंगने सुस्कारा सोडला आणि पाहुण्यांना वाट करून द्यायला उठू लागला. रविनाने तांब्या खाली ठेवला. तिचा चेहरा मी पाहिला आणि मला माझीच शरम वाटली.

"बसा," मी म्हणालो. "पोऱ्यानी कडू सांगं व्हतं. कडूच निंघनी. आखो दे."

मी द्रोण पुढे केला. ईश्वरला कळेना काय करावं. सगळे करमसिंगच्या आईकडे, फुलीबाईकडे बघायला लागले. नव्वदीची म्हातारी, रीतीभातीत तिचा शब्द शेवटचा. तिने विचारलं, थुंकला का. कोणीतरी नाही म्हणालं. गिळली का. हो. आणि पुन्हा मागतोय. हो.

"मंग दे ना तेले," ती म्हणाली. "नही म्हननारा दुसऱ्यांदा मांगंस का?"

झालं. करमसिंग माझ्याकडे असा बघत होता, जणू मी त्याचा बैल चोरला. पण आईसमोर तो काय बोलणार. ईश्वरने दुसरा द्रोण भरला आणि मला तो सगळा संपवावा लागला. पहिल्यापेक्षा वाईट लागला, कारण बर्फाबाहेरची बाटली आता कोमट झाली होती आणि काय येणार ते मला आधीच माहीत होतं. बाकीच्यांनीही एकेक घोट घेतला, तोंडं वाकडी केली, आणि नंतर जीपमधली मोहाची कॅन खाली आली तेव्हा सगळ्यांच्या जिवात जीव आला. रविना येऊन माझ्या पाया पडली. मी तिला जवळ घेतलं नाही, कारण मला ढेकर येत होते आणि त्या ढेकरांना तोच बोक्याचा वास होता.

मी पडवीच्या मागे जाऊन चुळा भरायला लागलो. पाच भरल्या, कडू जाईना. गुळाचा खडा खाल्ला, गूळही कडू लागला. ममता कळशी घेऊन आली आणि माझ्या हातावर पाणी ओतत राहिली.

"बाबा, तुम्हीन तेले इचारं ना, कोनी बनाई म्हनीन."

मी म्हटलं, हो, विचारलं.

"मन्हा येळले इचारं व्हतं का?"

तोंडात पाणी होतं. ते थुंकून टाकलं.

"नही," मी म्हणालो.

तिने कळशीतलं उरलेलं पाणीही माझ्या हातावर ओतलं आणि आत पाहुण्यांना वाढायला गेली.