मास्तर नापास

मास्तरांना नापास करायचं, हे शेपटीने परीक्षक होण्याच्या कितीतरी आधी ठरवलं होतं. खरं सांगायचं तर ती परीक्षक झाली तीच त्यासाठी. लोक घर बांधायला, मुलांना शिकवायला, नाहीतर दुनिया बघायला कष्ट करतात. हिने एका माणसाच्या हातातली पतंगाची दांडी काढून घेण्यासाठी कष्ट केले, आणि इतकं मन लावून केले की बघणाऱ्याला वाटावं, काय पोरीची जिद्द आहे.

शेपटी हे अर्थातच तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी कुणाचाही पतंग वर गेला की ही त्याच्या मागे, म्हणून गल्लीने ठेवलेलं नाव, आणि ते तिला असं चिकटलं की घरातही तेच झालं. आई पडदे शिवायची. पडद्याच्या अस्तराचे तुकडे उरले की त्यांचे पतंग व्हायचे. तुकडे उरले नाहीत तरीही पतंग व्हायचे, मग गिऱ्हाइकाचा पडदा वीतभर आखूड भरायचा आणि शेपटीच्या पाठीत धपाटा बसायचा. धपाटा खाऊन ती पुन्हा गच्चीवर. हिचं लग्न एखाद्या उंच माणसाशीच लावा, असं शेजारीण म्हणायची, कारण ही मान काही आता खाली यायची नाही.

शाळा संपल्यावर ती मास्तरांकडे कामाला लागली. मास्तर काइटबोर्डिंग शिकवायचे. खोलीएवढा पतंग कमरेच्या पट्ट्याला बांधायचा, हातातल्या दांडीने तो वळवायचा, पायाखाली फळी घ्यायची आणि वारा ओढील तसं पाण्यावरून सुसाट जायचं, असा तो खेळ. हिचं काम मागच्या खोलीत, फाटलेले पतंग शिवायचं. खोलीत एक मशीन, डिंकाचा वास, दोरीवर ओले पोशाख टांगलेले आणि खिडकीतून दिसणारं पाणी. ती मशीन चालवायची कमी आणि खिडकीतून बघायची जास्त. मास्तरांच्या ते लक्षात आलं आणि एक दिवस त्यांनी तिला पाण्यात नेलं.

मास्तरांनी तिला शिकवलं, हे नाकारून चालणार नाही. तीही कधी नाकारायची नाही, उलट तिचा राग तिथूनच सुरू व्हायचा. परक्याने पाठीत सुरा खुपसला तर माणूस बोंबलून मोकळा होतो. ज्याने दांडी कशी धरायची ते बोटं धरून शिकवलं, त्याने खुपसला तर बोंबलणार कुठे?

झालं ते असं. त्या दिवशी वारा जमिनीकडून पाण्याकडे वाहत होता. अशा वाऱ्यात पतंग घेऊन उतरायचं नसतं, कारण तो माणसाला आत नेतो आणि परत आणत नाही. पहिल्या धड्यात हेच शिकवतात. पण मास्तरांकडे एक बडा पाहुणा आला होता, शाळेची दुसरी शाखा काढून देईल असा, आणि पाहुण्याला त्याच दिवशी खेळायचं होतं. शेपटी नको म्हणाली. मास्तर म्हणाले, मी आहे ना, तू पतंग धर. तिने धरला आणि मास्तरांची खूण झाल्यावर सोडला. पाहुणा आत गेला तो गेलाच. बचावाच्या बोटीने त्याला परत आणलं तेव्हा त्याच्यात जीव होता, एवढंच म्हणता येईल.

खेळाच्या संघटनेची चौकशी बसली. एका लांबट खोलीत, लांबट टेबलाशी, मास्तरांनी सांगितलं, "मी शाळेच्या खोलीत होतो. पोरीने मला न विचारता पतंग सोडला." सांगताना ते छताच्या पंख्याकडे बघत होते. पाहुण्याला काही आठवत नव्हतं, किंवा आठवायचं नव्हतं. शेपटीला तीन वर्षं कुठल्याही किनाऱ्यावर पतंग उडवायला आणि शिकवायला बंदी झाली. मास्तरांना दुसरी शाखा मिळाली.

आईने समजूत घातली नाही. तिने माळ्यावरून दुसरं मशीन काढलं, पुसलं, तेल घातलं आणि आपल्या मशीनशेजारी मांडलं. तीन वर्षं दोघी मायलेकी पडदे शिवत बसल्या. शेपटी खिडकी बंद करून शिवायची. खिडकी उघडी राहिली तर पडद्यात वारा भरायचा, आणि कापड फुगलेलं तिला बघवायचं नाही. उकाड्याने आई हैराण व्हायची, पण खिडकी उघड असं ती एकदाही म्हणाली नाही.

बंदी उठली तशी शेपटी पाण्यात उतरली आणि पुढे तिने जे केलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. शर्यती जिंकल्या, उड्यांच्या स्पर्धा जिंकल्या, पतंग बनवणाऱ्यांनी तिला आपले पतंग देऊन देशोदेशीच्या किनाऱ्यांवर फिरवलं. पतंगाच्या वेडावर पोट भरता येतं, हे जे आईला कधीच पटत नव्हतं, ते तिने करून दाखवलं. बक्षीस घेताना ती फोटोत छान हसायची. कधीतरी कुणीतरी हा फोटो मास्तरांच्या शाळेत भिंतीवर लावील आणि त्यांच्या घशाखाली घास उतरणार नाही, असा विचार करून हसायची. मग ऐन भरात, अजून चार वर्षं सहज जिंकली असती अशा वेळी, तिने स्पर्धा सोडल्या आणि संघटनेकडे परीक्षक होण्यासाठी अर्ज केला. लोकांनी कपाळाला हात लावला. तिला लोकांशी काही देणंघेणं नव्हतं. शिकवणाऱ्या प्रत्येकाला काही वर्षांनी परवाना नवा करून घ्यावा लागतो, आणि तो परीक्षकाच्या हातात असतो. मास्तरांची पाळी केव्हा येणार, हे तिने केव्हाच बघून ठेवलं होतं.

तुमची यांच्याशी ओळख आहे का, असं संघटनेच्या कचेरीतून विचारलं तेव्हा ती म्हणाली, तोंडओळख आहे.

परीक्षेच्या दिवशी मास्तर शाळेच्या दारातच उभे होते. केस पिकले होते आणि एक गुडघा वाकत नव्हता. तिला बघून त्यांचा चेहरा क्षणभर उतरला, मग त्यांनी चहा घेणार का म्हणून विचारलं. परीक्षेच्या दिवशी परीक्षकाला चहा चालत नाही, असा नियम तिने जागच्या जागी तयार करून सांगितला. मागच्या खोलीत तेच मशीन होतं. त्यावर आता टोप्या ठेवलेल्या होत्या.

आणि मग मास्तरांनी तिचा अंत पाहिला. पतंगात हवा भरली ती हवी तेवढीच. दोऱ्या अशा अंथरल्या की कंगव्याने भांग पाडावा. एका नवख्या बाईंना शिकवायचं होतं, त्यांना असं शिकवलं की बाईंची भीती पळाली आणि त्या प्रश्न विचारू लागल्या. पाण्यात पडलेल्या माणसाला परत आणायचं होतं, तर तो न वाकणारा गुडघा घेऊन आणला. शेपटी डोळ्यांत तेल घालून बघत होती. काहीतरी खोटंच लिहावं, असंही तिच्या मनात येऊन गेलं. त्यांनी खोटं सांगितलं होतं, मग आपण का नाही? पण खोट्याने नापास केलं तर पुढे अपील होतं, आणि तिला हे काम पक्कं करायचं होतं.

शेवटचा भाग सोपा असतो. परीक्षक न सांगता मध्येच "सोडा" म्हणून ओरडतो, आणि परीक्षा देणाऱ्याने छातीजवळची कडी ढकलून पतंग अंगापासून मोकळा करायचा. वाऱ्याने माणूस फरफटायला लागला तर जीव वाचतो तो या कडीनेच.

"सोडा!"

मास्तरांनी कडी ढकलली. ती हलली नाही. पुन्हा ढकलली, दोन्ही हातांनी ढकलली, कडी ढिम्म. आत वाळू आणि मीठ साचून दगड झाला होता. नवशिक्याची कडी अशी कधीच अडकत नाही, कारण त्याला दर दिवसाआड ती ढकलावीच लागते. मास्तरांवर ती वेळच आली नव्हती. वर्षानुवर्षं पतंग त्यांच्या ताब्याबाहेर गेलाच नव्हता, म्हणून कडीला हातच लागला नव्हता. इतक्या चांगल्या माणसाच्याच हातून व्हावी, अशी चूक होती ती.

शेपटीच्या अंगातून गोड शिरशिरी गेली. तिने आवाज अगदी सरकारी ठेवला आणि सांगितलं, "तुम्ही नापास."

आता हे आरडाओरडा करतील, वय काढतील, मी तुला शिकवलं म्हणतील, असं तिला वाटत होतं. त्या प्रत्येकावर तिची उत्तरं तयार होती, कित्येक वर्षं घासून ठेवलेली. मास्तरांनी कडीवरून अंगठा फिरवला, निघालेली वाळू बघितली आणि म्हणाले, "बरोबर आहे. माणूस मेला असता याने." एवढंच. तिची उत्तरं तोंडातच राहिली आणि तिला इतका संताप आला की घरी जाताना ती दोनदा रस्ता चुकली.

पण नियम अजून तिच्या बाजूने होते. नापास झालेल्याने पहिल्या धड्यापासून पुन्हा शिकायचं, आणि कुणाकडे ते परीक्षकाने ठरवायचं. तिने स्वतःकडे ठरवलं. तोवर मास्तरांची शाळा बंद. पहिला धडा त्यांच्याच शाळेसमोर, सुट्टीच्या दिवशी, किनाऱ्यावर माणसं मावत नाहीत अशा वेळी. पाठीवर ‘शिकाऊ’ लिहिलेली पिवळी बंडी तिने मुद्दाम एक माप लहान आणली. आणि आईला बघायला आणलं, घडीची खुर्ची घेऊन.

"एवढी तयारी लोक लग्नाला करतात," आई खुर्चीत बसत म्हणाली.

"तू फक्त बघ."

मास्तरांनी बंडी घातली. ती पोटावर बसेना, तर श्वास आत घेऊन बसवली. जुनी गिऱ्हाइकं येता-जाता थबकत होती. कुणी ओळखून नमस्कार केला, कुणी ओळखून न ओळखल्यासारखं केलं, आणि हे दुसऱ्या प्रकारचे लोक शेपटीला विशेष आवडले. तिने मास्तरांच्या हातात पहिल्या धड्याचा पतंग दिला. दोनच दोऱ्या, उशीच्या अभ्र्याएवढं कापड, पोरासोरांना देतात तसला. दांडी कशी धरायची ते तिने बोटं धरून, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं शिकवलं. मास्तर मान हलवत होते. आईने एकदा घसा खाकरला.

पतंग वर गेला.

थोडा वेळ सगळं तिच्या मनासारखं चाललं. पिकलेल्या केसांचा, लंगडणारा, पिवळ्या बंडीतला माणूस चिंध्यांचा पतंग उडवतोय आणि जग बघतंय, याहून आणखी काय हवं होतं? ती हाताची घडी घालून त्यांचा चेहरा बघत राहिली. तिला तिथे लाज बघायची होती. लाज होतीही. मग पतंग आणखी वर गेला, त्याला वरचा वारा लागला, आणि लाज कुठे गेली ते कळलंच नाही. मास्तरांचं तोंड उघडं पडलं. त्यांनी पतंगाला एक गिरकी दिली, मग दुसरी उलट्या बाजूने, मग पाण्याला टेकवतो टेकवतो म्हणून पुन्हा उचलला आणि स्वतःशीच मोठ्याने हसले. बंडी वर सरकून पोट उघडं पडलं होतं. किनारा, गिऱ्हाइकं, बंद शाळा, शेपटी, यांतलं काहीच त्यांना दिसत नव्हतं. आता रस्त्याने जाणारे थबकत होते ते पतंग बघायला.

"छान उडतोय गं," आई म्हणाली. तिचीही मान वर होती.

शेपटीनेही वर पाहिलं. कापड ताठ होतं, दोऱ्या गुणगुणत होत्या. पतंग उत्तम होता, हे तिला समजलं, जसं बँकेतल्या माणसाला नोट खरी असल्याचं समजतं. त्यापलीकडे आत काहीच हललं नाही. तिने आठवून बघितलं की आपण शेवटचा पतंग नुसताच, कुणाला दाखवायला म्हणून नव्हे, कधी उडवला होता. तिला आठवलं ते आईच्या पडद्याच्या अस्तरापर्यंतचं, त्यापुढे सगळीकडे मास्तरच होते. शर्यतीत मास्तर, फोटोत मास्तर, विमानात मास्तर. आणि ज्याला धडा शिकवायला एवढं सगळं केलं तो म्हातारा तिच्यासमोर चिंध्यांच्या पतंगाने खुळावला होता. तिला भयंकर राग आला, आणि तो आता कुणावर काढायचा ते तिला कळेना.

"खाली घ्या," ती म्हणाली.

"दोनच मिनिटं," मास्तर म्हणाले, मान वरच ठेवून. "आत्ता कुठे रंगात आलाय."

"खाली घ्या म्हणते ना."

त्यांनी घेतला. कडेकडेने आणत, वाऱ्याबाहेर काढत, वाळूवर अलगद टेकवला. दोऱ्या न गुंतवता गुंडाळल्या, बंडी ओढून खाली केली आणि लंगडत तिच्यासमोर येऊन उभे राहिले.

"काय चुकलं, मॅडम?"

टोमणा असता तर तिने त्यांना तिथल्या तिथे फाडून खाल्लं असतं. पण टोमणा नव्हता. शिकाऊ माणूस विचारतो तसं त्यांनी विचारलं होतं, आणि पुढच्या वेळी तसं करायचं नाही म्हणून ते उत्तराची वाट बघत होते. आईही खुर्चीतून वळून बघत होती.

शेपटीने वाळूवरच्या पतंगाकडे पाहिलं, दोऱ्यांकडे पाहिलं, दांडीकडे पाहिलं. चूक शोधण्यात तिचा हात धरील असं संघटनेत कुणी नव्हतं.

"वारा," ती शेवटी म्हणाली. "आज वारा बरोबर नाहीये."

वारा उत्तम होता. ते आईलासुद्धा कळत होतं. मास्तरांनी तिच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं, मग "बरं" म्हणाले आणि पतंगाची घडी घालायला खाली बसले.