नेमणूक एक मेपासून

उन्हाळी शिबिरात ‘ताई’ म्हणून माझी निवड झाली, तेव्हा मला एकच प्रश्न विचारला गेला. पोहता येतं का? येतं म्हटल्यावर शिबिर भरवणाऱ्या हर्षलसरांनी लगेच कागद पुढे केला. बी.पी.एड. होऊन चार वर्षं घरी बसलेल्या मुलीला इतक्या झटपट कोण घेतं, हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं. आलं नाही. मी नुसती हरखले होते, आणि त्याची आज लाज वाटते.

फोन आला तो नऊ मेला, दुपारी एकला. शिबिर राहुरीजवळ हर्षलसरांच्या शेतावर भरायचं, पण मला तीन वाजता त्यांच्या शिक्षण संस्थेच्या गावातल्या कचेरीत बोलावलं. नेवाशाहून आप्पांनी मोटारसायकलवर नेलं. आप्पा म्हणजे माझे वडील, दुसऱ्या एका संस्थेच्या हायस्कुलात तीस वर्षं कारकून. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून निघाले, जशी काही मुलाखत त्यांचीच होती.

मी सही केली आणि खाली तारीख टाकायला लागले, तर आप्पांनी माझा हात धरला.

“तारीख मोकळी सोड. ती हापिसात टाकत्यात.”

संस्थांमधली ही रीतच आहे. जागा कधी भरलेली दाखवायची ते संस्थाचालक ठरवणार, नोकरी हवी असलेल्याने फक्त सही करायची. आप्पांनी कित्येक शिक्षकांकडून अशा सह्या घेतल्या होत्या, आणि त्यात काही वावगं आहे असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. साक्षीदार म्हणून त्यांनीही सही केली, तारखेविना. येताना पेढे घेतले. आता शिट्ट्या फुंकून फुंकून तुझे गाल फुगतील, असं मला वाटभर चिडवत होते.

संध्याकाळी मोबाईलवर बातमी आली. त्याच सकाळी दहा वाजता शिबिरातला नऊ वर्षांचा अर्णव शेततळ्यात बुडून गेला होता. शेततळ्याला आतून प्लास्टिकचा कागद असतो, त्यावर शेवाळ धरतं. पट्टीच्या पोहणाऱ्यालाही दोराला धरल्याशिवाय वर येता येत नाही. आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तिथे दोर नव्हता, कुंपण नव्हतं आणि लक्ष ठेवायला माणूस नव्हता.

माणूस त्यांनी नंतर शोधला. मी.

तिसऱ्या दिवशी पोलिसांचा फोन आला. कागदावर माझी नेमणूक एक मेपासून होती. काम, शेततळ्यावर देखरेख. पाठोपाठ हर्षलसर घरी आले. फार गोड बोलले. ‘मी पाच मिनिटं बाथरूमला गेले होते’, एवढंच मी पोलिसांना सांगायचं. वकील ते देणार, जूनपासून त्यांच्या शाळेत कायमची जागाही देणार. नाहीतर साक्षीदार म्हणून तुमचे वडीलही अडकतील, हे त्यांनी हसत हसत सांगितलं. त्यांच्या थोबाडीत द्यावी असं मला वाटत होतं. मी चहा दिला.

आप्पांचं जेवणावरचं लक्ष उडालं. आणि खरं सांगते, त्या कायमच्या जागेचा विचार माझ्या मनात आला. एकदा नाही, पुन्हा पुन्हा आला.

जबाबाच्या आदल्या दिवशी सकाळी दारात एक बाई आली. अर्णवची आई, निकिता. पेपरात माझं नाव वाचून नगरहून एकटीच आली होती. ही आता अंगावर धावून येणार म्हणून मी मागे सरकले. तिने चपला काढल्या, आत येऊन बसली, दिलेलं पाणीही प्यायली.

“मी भांडायला नाही आले,” ती म्हणाली. “तुम्ही त्याच्याजवळ होतात. एवढंच सांगा, तो फार घाबरला होता का?”

नाही म्हटलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. आप्पा सुटले असते, मला जागा मिळाली असती. आप्पा चौकटीला धरून उभे होते, खाली बघत.

“ताई, मी तिथं नव्हते,” मी म्हणाले. “तो गेल्यावर पाच तासांनी मला कामावर घेतलं. तारीख मागची टाकलीय.”

“मग त्याच्याजवळ कोण होतं?”

“कोणीच नव्हतं.”

ती रडली नाही. उद्या हेच पोलिसांना सांगाल का, असं तिने विचारलं. मी हो म्हणाले. आप्पा तिथेच चौकटीपाशी खाली बसले, आणि माझ्याने त्यांच्याकडे बघवेना.

ती उठली. चपला घालताना बराच वेळ तिला पट्टा लागेना. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “इतके दिवस मी एवढ्याच आधारावर काढले, की निदान एक ताई होती त्याच्याजवळ.”