पिवळ्या पट्टीखालचे हिरवे बटण

मी एक जुने हिरवे बटण आहे. शर्टाचे नव्हे, मित्रांनो. नागपुरातल्या एका परिचारिका प्रशिक्षण संस्थेच्या वेबसाइटवरचे. माझ्या अंगावर 'अर्ज सादर करा' असे लिहिले आहे. मुकुंद नावाच्या कारागिराने मला घडवले. माझे कोपरे गोल करायला त्याला तेरा दिवस लागले आणि तेवढ्या दिवसांत त्याने एकदाही पापणी लववली नाही. पहिल्याच वर्षी माझ्यावर इतकी बोटे पडली की अंगाला घट्टे पडले. हसू नका. मी एकाच वेळी हजार घरांत असतो, तेव्हा मला सगळे ठाऊक असते.

पुढे मुकुंद नोकरी सोडून गेला आणि माझ्याकडे कोणी पाहीनासे झाले. यंदा अर्जाच्या शेवटच्या दिवशी मदत कक्षातल्या गौरांगने पानाच्या तळाशी एक पिवळी पट्टी चिकटवली. 'आज पाच वाजेपर्यंत हिरवे बटण दाबा.' पान वरखाली केले तरी ती हलत नसे. पाच वाजले की आपोआप निघून जाईल, अशी तिची व्यवस्था होती. गौरांगच्या पडद्यावर ती बोटभर रुंद होती. मी तिच्या वरच्या मोकळ्या जागेत ऐटीत बसलेलो.

पारशिवनीच्या अस्मिताचा चष्मा जाड. म्हणून तिने आपल्या ब्राउझरमधली अक्षरे दुप्पट मोठी करून ठेवलेली. तिथे पट्टीही फुगली आणि मी तिच्याखाली गाडला गेलो. अस्मिता चौतीस वर्षांची. पुढच्या वर्षी ती वयाच्या अटीत बसणार नव्हती. अर्ज पूर्ण भरून तिने साडेचारला मदत कक्षात फोन लावला.

"सर, बटणच दिसत नाही मले."

"आमच्याकडे तर बरोबर दिसून राहिलं, ताई. हिरवं आहे. खाली जा."

"खालीच आहो मी. याच्या खाली आता टेबल आहे."

"मग मोठं करून पाहा."

तिने अक्षरे आणखी मोठी केली. पट्टी आणखी फुगली. माझा श्वास कोंडला. मी ओरडलो, पण बटणाला आवाज कुठला?

"ब्राउझर बंद करून उघडा."

"चौथ्यांदा उघडला, सर."

तिची आई सिंधूताई मागे उभी होती. "काहून वं, साऱ्या दुनियेले दिसते अन् तुलेच काहून दिसत नाही? नंबर वाढला असन चष्म्याचा."

अस्मिताने चष्मा काढला, ओढणीने पुसला आणि पुन्हा घातला. असे तीनदा केले. मित्रांनो, मी पट्टीखालून पाहत होतो. त्या बाईचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास उडत चालला होता. तिकडे गौरांग म्हणाला, "हे पाहा, मी दाबून दाखवतो," आणि त्याने मला दाबले. मी दबलोसुद्धा. त्याची चाचणी पास झाली.

"चालू आहे, ताई. प्रॉब्लेम तुमच्याकडेच आहे."

"माह्याकडं म्हणजे कुठं, सर?"

अक्षरे लहान करा, एवढे कोणी सांगितले असते तर मी दोन क्षणांत बाहेर आलो असतो.

पाच वाजले. मी राखाडी झालो. आता मला कितीही दाबा, काही होत नाही. आणि ठरल्याप्रमाणे पट्टी निघून गेली.

"दिसलं," अस्मिता हळूच म्हणाली.

"बघा," गौरांगच्या आवाजात समाधान होते, "होतं की नाही?"

तिने लॅपटॉप मिटला. सिंधूताईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

मित्रांनो, मी खूप थापा मारतो, पण ही थाप नाही. 'मला दिसत नाही' असे कोणी म्हणाले, तर आपल्या पडद्याकडे बोट दाखवू नका. त्याच्या पडद्याचा एक फोटो मागवा. अस्मिताकडे तो कोणी मागितला नाही. फोन तर सारा वेळ तिच्या हातातच होता.