दहातली एक

तपासणी केंद्रातून फोन आला तेव्हा आई एका शर्टाची काजं करत होती. मॅमोग्राफीच्या फोटोत काहीतरी दिसतंय, सोमवारी पुन्हा या, एवढंच तिकडची बाई म्हणाली. आईने "बरं" म्हणून फोन ठेवला आणि हातातलं काज पुरं केलं. बाबा मात्र उठून दारापर्यंत गेले आणि परत येऊन बसले.

घाबरले की मी शहाणपणा शिकवायला लागते, ही माझी खोडच आहे. त्यात कॉलेजात नुकताच संशोधनपद्धती आणि संख्याशास्त्राचा विषय सुरू झालेला. शिकवणाऱ्यांना आम्ही सरासरी सर म्हणतो, कारण ते कुणाला नापास करत नाहीत आणि कुणाला धड मार्कही देत नाहीत. त्यांनी गेल्याच आठवड्यात नेमका हाच धडा घेतला होता. मला वाटलं, देवच पावला.

"तुम्ही दोघं उगाच धसका घेताय," मी म्हणाले आणि आईचा बटणांचा डबा टेबलावर उपडा केला. शंभर बटणं वेगळी काढली, त्यात काळं एकच. "ह्या शंभर बायका. आजार फक्त ह्या काळीला. मशीन तिला पकडतं. पण मशीन पडलं भित्रं. धडधाकट बायकांतही दर अकराजणींमागे एकीवर संशय घेतं." मी नऊ पांढरी बटणं काळ्याशेजारी सरकवली. "पुन्हा बोलावलं ह्या दहाजणींना. आजारी किती? एक. म्हणजे आई ठीक असण्याची शक्यता दहात नऊ."

बाबांनी ती दहा बटणं बोटाने पुन्हा पुन्हा मोजली. "अगं, मग हे त्या बाईने फोनवर नको का सांगायला? जीव घेतला आमचा!" ते उठले, तोंड धुतलं आणि मावशीला फोन करायला गॅलरीत गेले. "दहात नऊ! आमच्या पोरीनेच हिशेब केला," असं त्यांचं मोठ्याने चाललेलं ऐकून माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

आई बटणं डब्यात भरू लागली.

"ह्या बायका तपासणीला कशासाठी गेल्या होत्या गं?" तिने विचारलं.

"कशासाठी म्हणजे? काही होत नसताना, वय झालं म्हणून जातात तशा. तुझ्यासारख्या."

आईने काळं बटण उचललं आणि हातातच धरून ठेवलं.

"आई?"

"मी तशी नव्हते गेले," ती म्हणाली. "आंघोळ करताना छातीत गाठ हाताला लागली."

"कधी?"

"झाले काही महिने. गणवेशांची ऑर्डर होती अंगावर. म्हटलं, ती उरकू दे."

आकड्यांना हात लावण्याआधी ही माणसं कुठून गोळा केली ते विचारा, असं सर पहिल्याच तासाला म्हणाले होते. आणि मी माझ्याच आईला एका शब्दाने न विचारता भलत्याच बायकांत बसवलं होतं. गाठ लागून गेलेल्या शंभरजणींत काळी बटणं किती, मला माहीत नव्हतं. एकाहून पुष्कळ जास्त, एवढं कळत होतं.

"बाबांना नको सांगूस," आई म्हणाली. "सोमवारपर्यंत तरी झोपू दे त्यांना. तुझा हिशेब चांगला आहे."

"चुकलाय तो."

"असू दे."

गॅलरीत बाबा हसत होते. खरं सांगते, गप्प बसावं असं मलाही वाटलं. पण सोमवारी बाबा बाहेर बाकावर निर्धास्त बसलेत आणि आई हे सगळं पोटात ठेवून एकटी आत जातेय, हे डोळ्यांपुढे आलं आणि मला जास्तच भीती वाटली.

मी गॅलरीत गेले. "बाबा, फोन ठेवा. आईला गाठ लागली होती म्हणून ती गेली होती. मी केलेला हिशेब तिचा नाहीच."

त्यांचं हसू जरा वेळ तसंच राहिलं. मग ते आत आले आणि आईसमोर खुर्ची ओढून बसले.

"का नाही सांगितलंस?"

आता आई माझ्यावर भडकणार, असं मला वाटलं. पण तिने बाबांचा हात घट्ट धरला आणि ती हमसून हमसून रडायला लागली.

"मला फार भीती वाटतेय हो," ती म्हणाली. "केव्हाची वाटतेय."